पोचल्याचं कळव

परदेश म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर अजून विमानच येतं. विमानाच्या आधी बॅगेचं वजन, तीन पिशव्यांत गुंडाळलेली लोणच्याची बरणी आणि निरोप द्यायला आलेले चौदा नातेवाईक येतात. समुद्र ओलांडल्याशिवाय परदेश होत नाही अशी आपली जुनी समजूत आहे. पण युरोपात देश वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे खेटून बसलेत. एकाने फोडणी घातली की दुसऱ्याला ठसका लागावा इतके जवळ! पुण्याहून मुंबई रेल्वेने १९२ किलोमीटर. जर्मनीतल्या म्युनिकहून ऑस्ट्रियातलं साल्झबर्ग दीडशेच्या आसपास. म्हणजे चुलत बहिणीच्या नातवाच्या बारशाला आपण दादरला जातो, तेवढ्या प्रवासात तिथला माणूस परदेशी पोचून, कॉफी पिऊन, परत निघालेला असतो.

भूगोलाची ही गंमत मला मनापासून पटली होती. घरातल्या बाकीच्यांना ती पटायला महिना लागला.

२०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने म्युनिकला लेकीकडे होतो. एका रात्री जेवताना थोरल्या नातीने आमटी वाढून घेता घेता जाहीर केलं, "जूनमधल्या एका शनिवारी मी आणि हा साल्झबर्गला जाणार आहोत. ट्रेनने. रविवारी रात्री परत."

थोरलीचं वय सतरा, धाकट्याचं पंधरा.

"कोणाबरोबर?" लेकीने विचारलं.

"एकमेकांबरोबर."

आमटीची वाटी हवेत थांबली. आमची ही म्हणाली, "अगं, पण परदेशी?"

"आजी, तू आत्तासुद्धा परदेशातच आहेस," धाकटा म्हणाला. हा मुद्दा बिनतोड होता, म्हणूनच कोणी विचारात घेतला नाही.

आता खरं सांगायचं तर त्या भागात हे काही जगावेगळं नव्हे. १९७२ साली युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इंटररेल नावाचा पास काढला. एका पासावर महिनाभर कित्येक देश हिंडा! तेव्हापासून तिथल्या पिढ्यान्‌पिढ्या पाठीला पिशवी लावून आगगाडीत वाढल्या. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने पुरवली. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" मी आमटी भुरकली. सासरा म्हणून नव्हे, पण पाहुणा म्हणून माणसाला तटस्थ राहावं लागतं.

जावई इंजिनियर. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही, पण 'हो' म्हणण्यापूर्वी तक्ता करावा लागतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी एक्सेलमध्ये केलेला तक्ता टेबलावर पसरला. पाच रंग. डावीकडे वेळ, मध्ये कृती, उजवीकडे 'संभाव्य धोका', आणि त्याच्याही उजवीकडे 'उपाय'. १०:१५ स्टेशनवर उतरणे. १०:३० मिराबेलची बाग. १९६५ च्या 'साउंड ऑफ म्युझिक' सिनेमात गाणं झालं ती. ११:१५ नदी ओलांडणे. ११:३० गेट्राइडगासे या गल्लीतलं नऊ नंबरचं घर, जिथे १७५६ साली मोझार्ट जन्मला. १२:३० किल्ला. किल्ला बांधायला सुरुवात १०७७ ची, वर नेणारी दोरखंडाची गाडी १८९२ ची, आणि तिच्यासाठी रांगेला राखून ठेवलेली मिनिटं वीस.

थोरलीने तक्ता शांतपणे वाचला. "बाबा, यात बसायचं कधी?"

"बसायचं? हे काय, १३:४० ते १३:५५. 'बसणे'. लिहिलंय की."

उजवीकडच्या रकान्यात 'बसणे' याचाही संभाव्य धोका होता. पिशवी बाकावर विसरणे.

मुलांना एकटं पाठवण्याची धास्ती ही काही आपली मक्तेदारी नाही बरं का. खुद्द मोझार्टचं उदाहरण घ्या. तो सहावं पुरं करत होता तेव्हा, १७६२ च्या जानेवारीत, वडील त्याला आणि त्याच्या थोरल्या बहिणीला घेऊन पहिल्या दौऱ्यावर निघाले ते साल्झबर्गहून म्युनिकला. म्हणजे आमच्या पोरांचाच रस्ता, फक्त उलटा. पुढे १७७७ मध्ये वडिलांना नोकरीमुळे जाता येईना, तेव्हा एकवीस वर्षांच्या त्या जगद्विख्यात पोराला एकटं सोडलं का? छे! बरोबर आईला दिलं. आणि घरी बसून वडील लांबलचक पत्रांतून सूचना पाठवत राहिले. कुठे उतरायचं, कोणाला भेटायचं, खर्च कसा करायचा. त्यांच्याकडे एक्सेल असतं तर काय झालं असतं, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

पहिली फेरी तिकिटाची. बव्हेरिया प्रांताचं एक दिवसाचं तिकीट मिळतं. एकावर पाच जणांपर्यंत माणसं चालतात. नावं मात्र त्यावर लिहावी लागतात. ते फक्त साध्या गाड्यांना चालतं, दिमाखदार जलद गाड्यांना नाही. आणि नवल म्हणजे साल्झबर्ग दुसऱ्या देशात असूनही तिथपर्यंत चालतं. हे म्हणजे आपल्या एस. टी.च्या पासावर सरहद्दीपलीकडे जाऊन येण्यासारखं झालं. शनिवारचं एक, रविवारचं एक, अशी दोन तिकिटं घेतली की काम झालं. हे सगळं थोरलीने शोधून काढलं होतं. जावयांनी जलद गाडीचा आग्रह धरला. "वेळ वाचेल."

"पण ती गाडी चुकली तर ते तिकीट दुसऱ्या गाडीला चालत नाही. आमचं चालतं. दर तासाला एक गाडी आहे," थोरली म्हणाली.

इथे सांगायला हवं की जर्मन गाड्यांवर घड्याळ लावावं ही आपल्याकडची आख्यायिका आता निवृत्त झाली आहे. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी शंभरातल्या बासष्ट-त्रेसष्टच वेळेवर पोचल्या, आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून! तेव्हा पोरीचं म्हणणं शहाणपणाचं होतं. जावयांनी एक चौकोन हिरवा केला.

मग निघाली दुभंगणारी गाडी. या मार्गावरच्या काही गाड्या रोझेनहाइम स्टेशनात चक्क दोन तुकडे होतात. एक साल्झबर्गला जातो, दुसरा कुफ्स्टाइनला. आपण कुठल्या तुकड्यात बसलोय हे डब्यावरची पाटी पाहून आधीच ठरवायचं. हे ऐकून हिने देवाला हात जोडले. "आणि एक मूल एका तुकड्यात नि दुसरं दुसऱ्यात राहिलं तर?"

"आजी, आम्ही शेजारी शेजारी बसणार आहोत."

"तुमचं भांडण झालं म्हणजे?"

या प्रश्नाला मात्र दोघांकडेही उत्तर नव्हतं. मी धीर द्यायला म्हणालो, "हे बघा, कुफ्स्टाइनसुद्धा ऑस्ट्रियातच आहे. चुकीच्या डब्यात बसलात तरी परदेश चुकत नाही!" कोणीही हसलं नाही. गंभीर बैठकीत विनोद करणाऱ्याची जी गत होते ती माझी झाली, आणि मला कांदे चिरायला पाठवण्यात आलं.

दुसरी फेरी पासपोर्टची. हिचा सरळ हिशेब : मौल्यवान वस्तू प्रवासात न्यायच्या नाहीत. पासपोर्ट कपाटात राहू दे, बरोबर झेरॉक्स द्या. पण मुलांचे पासपोर्ट भारतीय. जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं कार्ड आणि मूळ पासपोर्ट, दोन्ही जवळ असेल तरच शेजारच्या देशात पाऊल टाकायचं, असा नियम.

"अहो, पण तिथे सरहद्दच राहिली नाही म्हणता ना?" ही मला म्हणाली.

तशी ती राहिली नाही, आणि राहिलीही आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावापाशी, मोझेल नदीतल्या एका बोटीवर, पाच देशांनी आपापसातली सरहद्दीवरची तपासणी उठवायचं ठरवलं. ऑस्ट्रिया त्यात मागाहून आला. पण २०१५ साली जर्मनीने ऑस्ट्रियाच्या बाजूला पुन्हा तपासणी सुरू केली, आणि आम्ही होतो तेव्हाही ती चालू होती. परत येताना पोलीस गाडीत चढून कागद मागू शकतात. म्हणजे दार काढून टाकलंय, पण चौकटीत आजोबा खुर्ची टाकून बसलेत, असा प्रकार. हिने रात्री बसून दोन कापडी चंच्या शिवल्या, गळ्यात घालून आत सोडायच्या. धाकटा म्हणाला, "आजी, हे मी मेलो तरी घालणार नाही." ही म्हणाली, "मरायचं नाही आणि घालायचं." दोन्ही आज्ञा त्याने पुढे पाळल्या.

तिसरी फेरी मुक्कामाची, आणि इथे बेत खरोखरच मोडकळीला आला. एका ठिकाणाहून उत्तर आलं, अठरा वर्षांखालच्यांना एकटं ठेवून घेत नाही. दुसरीकडूनही तेच. लेकीचा चेहरा उजळला आणि थोरलीचा पडला. आईच्या चेहऱ्यावरचा तो उजेड पोरीने पाहिला. काही बोलली नाही, पण ताट अर्धवट ठेवून उठली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की हा काही नुसता सहलीचा प्रश्न नाही. पुढच्या वर्षी ती अठरा पुरी होऊन कुठल्या तरी गावी शिकायला जाणार होती. तेव्हा विचारायचं कारणच उरणार नव्हतं. तिला आत्ताच विचारून जायचं होतं.

दोन दिवसांनी तिसऱ्या ठिकाणाहून उत्तर आलं : आईवडिलांच्या सहीचं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणली तर मुलं राहू शकतात. ते होतं तरुणांचं वसतिगृह. या वसतिगृहांचा जन्मच मुळी फसलेल्या बेतातून झाला. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन मास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसाने गाठलं. मुक्कामाला जागा मिळेना. शेवटी एका गावातल्या शाळेत पेंढ्यावर मुलं झोपली, आणि मास्तर जागे राहिले. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग पोरांना झोपायला का देऊ नयेत, असं त्यांच्या मनात आलं. त्यातून १९१२ साली आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं वसतिगृह उघडलं. मास्तरांचा बेत तक्त्याप्रमाणे पार पडला असता तर आमची पोरं कुठे झोपली असती?

पत्रावर सही करायला लेकीने तीन दिवस लावले. त्याचं कारण होतं ठिपका.

हल्ली फोनमध्ये अशी सोय असते की पोरगं कुठे आहे ते आईला नकाशावर ठिपक्यासारखं दिसतं. पोरगं हललं की ठिपका हलतो. पोरगं संडासात गेलं की ठिपका थांबतो आणि आईचा जीव वरखाली होतो. जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या देशांत फोनला रोमिंगचा जादा आकार पडत नाही, तेव्हा ठिपका सरहद्द ओलांडून फुकट दिसणार होता. लेकीची अट एवढीच : ठिपका चालू ठेवा. थोरलीची अट एवढीच : ठिपका बंद.

"तू दिवसभर बघत बसशील आई. मग आम्ही एकटे कुठे गेलो?"

"मी बघणार नाही. नुसता असू दे."

"मग कशाला असू दे?"

मला माझा पहिला प्रवास आठवला. १९६७ साली, सोळाव्या वर्षी, मिरजेहून पुण्याला पॅसेंजरने. वडिलांनी पत्ता लिहिलेलं एक कोरं पोस्टकार्ड खिशात घातलं आणि सांगितलं, "पोचल्याचं कळव." बस्स! ते कार्ड घरी पोचेपर्यंत तीन-चार दिवस सहज जात. तेवढे दिवस आईने मी सुखरूप आहे असं गृहीत धरलेलं असे. गृहीत धरण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं, हे खरं. पण त्यामुळे मीही मोठा झालो आहे असं गृहीत धरून वागलो. मी हे सांगितलं तर लेक म्हणाली, "बाबा, तेव्हा इलाज नव्हता. आता आहे, तर वापरायचा नाही का?" आणि याचं उत्तर सोपं नाही हे मला मान्य करावं लागलं.

ते दिलं हिने. पोळ्या लाटता लाटता. "१९९७ साली बारावीनंतर तू मैत्रिणींबरोबर हरिश्चंद्रगडावर गेली होतीस. रविवारी रात्री येणार म्हणालीस."

"एस. टी. चुकली होती आई."

"सोमवारी सकाळी आलीस. गडावर फोन नव्हता."

लेक जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तू तर काहीच बोलली नाहीस. शिरा केलास. मला वाटलं तुला भीतीच वाटली नाही."

"वाटली की. रात्रभर गॅलरीत उभी होते. पण ती माझी मला वाटली. तुला कशाला सांगायची? पुढच्या वेळी तू तीच बरोबर घेऊन गेली असतीस."

तव्यावरची पोळी फुगली, हिने ती उतरवली आणि विषय संपला. मी अठ्ठेचाळीस वर्षं या बाईबरोबर संसार केला, पण त्या रात्री ही एकदासुद्धा आत येऊन पडली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. मी झोपलो होतो.

तह झाला. ठिपका बंद. रोज तीन निरोप : पोचल्याचा, जेवल्याचा आणि झोपायच्या आधीचा. रात्री नऊच्या आत वसतिगृहात. आणि जावयांच्या तक्त्याऐवजी मुलांनी स्वतः एक पान लिहायचं. काय काय बघायचं याचं नव्हे, तर काय काय बिघडू शकतं नि मग काय करायचं याचं.

ते पान फ्रिजवर लावलं होतं. मी त्याची नक्कल करून आणली आहे :

१. गाडी चुकली तर पुढची. घरी कळवायचं, माफी मागायची नाही.
२. चुकीच्या डब्यात बसलो तर पुढच्या स्टेशनला उतरायचं. रडायचं नाही. (हे अक्षर थोरलीचं. खाली धाकट्याचं : 'दोघांनीही.')
३. ताटातूट झाली तर साल्झबर्ग स्टेशनच्या मुख्य दाराशी थांबायचं. दोघांनी एकमेकांना शोधत फिरायचं नाही.
४. फोन गेला तर आईचा नंबर पाठ पाहिजे.
५. पैसे दोघांकडे वेगळे. वीस युरो मोज्यात.
६. कोणाला बरं नसलं तर विम्याचं कार्ड. ते ऑस्ट्रियातही चालतं. फारच झालं तर ११२.
७. रविवारी तिथे दुकानं बंद असतात. खाणं शनिवारीच घ्यायचं.
८. भांडण झालं तर अर्धा तास बोलायचं नाही. पण एकमेकांना दिसत राहायचं.

आठवं कलम वाचून लेकीने सही केली. मला वाटतं, जावयांच्या पाच रंगांपेक्षा त्या एका ओळीवर तिचा विश्वास बसला. आपण मुलांच्या बेतात घालतो ती असते आपली धास्ती. तिची कितीही पानं झाली तरी ती मुलांच्या उपयोगी पडत नाही. मुलांना लागतं एक पान, आणि तेही त्यांच्या अक्षरातलं.

चौथं कलम मात्र वाटलं तितकं सोपं निघालं नाही. सबंध घरात एकालाही कोणाचा नंबर पाठ नव्हता! मग पूर्वी तिन्हीसांजेला परवचा म्हणत तसा आठ दिवस संध्याकाळी नंबर म्हणवून घेण्यात आला. पोरांबरोबर जावईही म्हणत.

सातव्या कलमाचा हिने आपल्या परीने अर्थ लावला आणि शुक्रवारी चाळीस तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. वर दाण्याची चटणी, बेसनाचे लाडू. थोरली म्हणाली, "आजी, तिथे खायला मिळतं." ही म्हणाली, "मिळू दे."

शनिवारी सकाळी पोरं गेली. स्टेशनवर कोणी यायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून लेक खिडकीत उभी राहिली आणि ती वळेपर्यंत हात हलवायचा थांबली, कारण ती मागे वळून बघतील अशी तिला भीती होती. ती वळली नाहीत. मग आम्ही चौघं मोठी माणसं खोलीत एकमेकांकडे बघत बसलो. महिनाभर एवढे बेत केले, पण आम्ही दोन दिवस काय करायचं याचा एकही रकाना कोणी भरला नव्हता. जावयांनी तीनदा चहा केला. साडेदहाच्या सुमारास लेकीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि आम्हाला दाखवलं. एकच शब्द होता : 'पोचलो.' तोही मराठीत.

रविवारी रात्री दोघं आली, ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटं उशिरा. लेकीने काही विचारलं नाही. "जेवलात का?" एवढंच म्हणाली, आणि पानं घेतली. सगळी हकिगत नंतर आठवडाभर तुकड्या-तुकड्याने बाहेर आली. मोझार्टचं घर पिवळं आहे. पोलिसाने कागद पाहिले आणि चंची पाहून हसला. पुऱ्यांमधल्या सहा शेजारच्या खोलीतल्या मुलांनी खाल्ल्या. भांडण एकदा झालं, अर्ध्या तासाचं.

"आणि किल्ला?" जावयांनी विचारलं.

"किल्ला नाही बघितला. पाऊस लागला."

"मग? दोन तास काय केलंत?"

"नदीकाठी एका छपराखाली बसलो होतो," धाकटा म्हणाला. "नुसते. मस्त वाटलं."

जावयांनी तक्ता उघडला, १३:४० च्या चौकोनाशी गेले, आणि 'बसणे' यापुढे बरोबरची खूण केली.